धोंड्याचा महिना कोणाचा

दाजी परुळेकरांच्या अक्षराला मालवणात तोड नव्हती, आणि ही गोष्ट लोकांपेक्षा दाजीच जास्त सांगायचे. कचेरीच्या पडवीत तिसऱ्या खांबाशी त्यांची बैठक. खाली चटई, पुढ्यात उतरतं डेस्क, डेस्कात टाक, दौत, टीपकागद आणि तपकिरीची डबी. खरेदीखत म्हणा, मृत्युपत्र म्हणा, भावाभावांची वाटणी म्हणा, तालुक्यातली निम्मी भांडणं दाजींच्या टाकानं कागदावर आणून बसवली होती. लोक त्यांना बाँडरायटर म्हणत. दाजींना ते फार आवडे, कारण त्यात इंग्रजी होतं.

माणूस तिरसट. शाई सांडली तर पडवीतल्या कुत्र्यावर ओरडायचे. मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल कोणी हळहळलं तर त्या हळहळणाऱ्याचं काही खरं नसे. "तुमका सात आसत, त्यातलो एक तरी तुमका इचारता?" असं ते एकदा भर बाजारात एका भल्या माणसाला म्हणाले होते. घरी बायको विमलाबाई. दाजींचा राग किती चढला आणि किती उतरला ते ती त्यांच्या वहाणांच्या आवाजावरून ओळखायची आणि त्या बेतानं चहा टाकायची.

आणि घमेंड केवढी! "माज्या दोन ओळींच्या मधी वकिलाची सुई जावची नाय," असं ते येईल त्याला ऐकवत. तीस वर्षांत गेली नव्हती, हेही खोटं नाही. पण सत्तावन्न साली गेली. सुई कसली, आख्खं गलबत जाईल एवढी वाट दाजींनी आपल्या हातानं करून ठेवली, आणि त्या वाटेत उभी होती सहा वर्षांची एक पोर. शेवंती तिचं नाव.

शेवंतीचा बाप जयराम कुबल देवबागचा. मंगळूरची कौलं मुंबईला नेणाऱ्या गलबतावर खलाशी. आई सुगंधा मिठबावची. दोघांत वाईट कोणीच नव्हतं, हीच तर पंचाईत. नवरा आठ महिने दर्यावर, घरात सासू आणि थोरला दीर. या दिराला सगळा गाव भाई म्हणे. भाईला बोलायला विषय लागत नसे, फक्त समोर माणूस लागे, आणि समोर असायची सुगंधा. एका वर्षी जयराम परत आला, तर बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली. ती म्हणाली, न्यायला ये. तो म्हणाला, गेलीस तशी ये. दोन पावसाळे दोघं आपापल्या दारात बसून राहिले. शेवटी पंच बसले, आणि त्यांच्या ज्ञातीत रीत होती तशी दोघांमध्ये काडी धरून मोडली. झाली काडीमोड. काडी मोडायला काय लागतं हो! पण शेवंती मोडून अर्धी अर्धी देता येईना.

मग भाईनं जयरामाला धरून रत्नागिरीला जिल्ह्याच्या कोर्टात नेलं. कायदा नवा होता आणि वकिलानं भाईला एकच गोष्ट पढवली होती: पाच वर्षांवरचं मूल बापाचं. साहेबांनी कागद बघितले, मग आईच्या मांडीवर झोपलेली पोर बघितली आणि म्हणाले, "गावी जा. दोघं मिळून काय ते ठरवा, लिहून आणा, मी त्यावर हुकूम करतो. नाहीच ठरलं, तर मग मला कायदा बघावा लागेल." सुगंधाला त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं नीट कळलं. कायदा बघितला तर पोर जाणार. कागद झाला तरच राहणार.

म्हणून चैत्रातल्या एका सकाळी दोघं दाजींच्या चटईच्या दोन टोकांना येऊन बसली. एकमेकांशी बोलत नव्हती. तिला काही सांगायचं असलं की ती दाजींकडे बघून बोलायची, "दाजीनू, तेका सांगा." तो म्हणायचा, "दाजीनू, तिका इचारा." मधे शेवंती डेस्काला टेकून मालवणी खाजा खात बसलेली, आणि गुळाचे हात टीपकागदाला पुसत होती.

"जयराम, तू घरात असतंस कधी?" दाजींनी विचारलं.

"पावसाआदी गलबत वर काढून शाकारला काय, तेच्या पुढे नारळी पुनवेपर्यंत."

"मगे चेडू तेवाच तुज्याकडे. तू दर्यार असताना तेका भाईच्या तोंडाकडे बगत बसवन ठेवचा काय?"

जयरामानं मान डोलावली. सुगंधानं पदर डोळ्याला लावला. तिची भीती तेवढीच होती, की मूल न्यायचं बापाच्या नावानं आणि ठेवायचं सासूच्या आणि दिराच्या हवाली.

दाजींनी लिहिलं. ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेपासून नारळी पौर्णिमेपर्यंत सदर मुलगी बापाजवळ राहील, उरलेलं वर्ष आईजवळ. खरं तर इथं टाक खाली ठेवायचा. पण दाजींनी वाक्य मोठ्यानं वाचून बघितलं आणि ते त्यांना शेवटाला लंगडं वाटलं. दस्तातलं वाक्य कसं ठाम उभं राहिलं पाहिजे! त्यांनी टाक पुन्हा बुडवला आणि भर घातली, "म्हणजेच दरसाल एकूण अडीच महिने." आता वाक्य छान उभं राहिलं. दोघांनी अंगठे उठवले, जिल्ह्याच्या कोर्टात त्याच कागदावर हुकूम झाला आणि दाजी आठवडाभर स्वतःवर खूश होते.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. ज्येष्ठात सुगंधा दोन खाड्या ओलांडून मुलीला दाजींच्या पडवीत आणायची, तिथून जयराम न्यायचा. नारळी पौर्णिमेला उलट. शाळेचं म्हणाल, तर नाव मिठबावला, आणि पावसात पोर देवबागच्या शाळेत पाहुणी म्हणून बसायची. दोन्ही मास्तर समजूतदार होते. शेवंती दाजींना आजो म्हणू लागली. दाजी तिच्यावर खेकसायचे, ती हसायची, आणि तिनं शाईची बोटं उमटवलेला एक कोरा कागद डेस्काच्या तळाशी का जपून ठेवला होता, ते दाजींना कोणी विचारलं नाही.

अठ्ठावन्न साली पंचांगानं घात केला. त्या साली अधिक श्रावण आला. दोन श्रावण, आधी अधिक, मग निज म्हणजे खरा, आणि नारळी पौर्णिमा त्या निजातली. आपल्याकडे त्या वाढीव महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, जावयाचे लाड करतात, अनारशांचं वाण देतात. कागदाचं काय होतं, ते मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

अधिक श्रावणातली पौर्णिमा. सुगंधा निथळत पडवीत येऊन उभी राहिली.

"चेडू खंय आसा?" तिनं विचारलं.

"कसला चेडू? नारळी पुनवेक अजून म्हयनो आसा गो," दाजी म्हणाले.

"दाजीनू, माका पंचांग कळना नाय. तुमी कागद वाचून दाखवलास तेवा अडीच म्हयने म्हटलास. मी कुडाच्या भितीर रोज कोळशान एक रेघ ओढतंय. पंच्याहत्तर झाले."

दाजींनी डेस्क उघडून नक्कल काढली. वाचली. चष्मा पुसून परत वाचली. नारळी पौर्णिमेपर्यंत. म्हणजेच अडीच महिने. दरसाल! तेरा महिन्यांच्या वर्षात ही दोन शिंगं एका डोक्यावर कशी मावणार?  तीस वर्षांत त्यांनी कोणाच्या वाक्यात असली भेग बघितली असती, तर त्याला पडवीतून उठवून लावला असता.

"तेंनी पोचवक नाय म्हणजे ते देवचे नाय," सुगंधा म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "भाई परत कोर्टात जातलो. साहेब आता कायदो बगतले. व्हय ना?"

तसंच होणार होतं. कागद मोडला की सुगंधाच्या हातात काही उरत नव्हतं. त्यांनी तिला घरी विमलाबाईकडे धाडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, छत्री घेऊन, नक्कल मेणकापडात गुंडाळून, देवबागची वाट धरली.

तारकर्लीपुढची ती ओली पुळण. एका हाताला दर्या गर्जतोय, दुसऱ्या हाताला खाडी फुगलेली, मधे वाळूच्या पट्टीवरून दाजी परुळेकर एक वहाण हातात आणि एक पायात असे चाललेत. चालता चालता त्यांनी डोक्यात युक्तिवाद जुळवला. अधिक महिना हिशेबात धरायचाच नाही, असं म्हणून जयरामाला जिंकवता येत होतं. अडीच महिने हाच करार, पौर्णिमा ही नुसती खूण, असं म्हणून सुगंधाला जिंकवता येत होतं. दोन्ही बाजू ठणठणीत. काही केलं तरी दाजींचं वाक्य बरोबरच ठरत होतं, आणि हे लक्षात आल्यावर, सवयीनं, त्यांना थोडं बरंही वाटलं.

जयरामाच्या घरापुढल्या खळ्यात पोचले तर ओट्यावर शेवंती बसलेली. नवा झगा, मांडीवर गाठोडं. तिचीही मोजणी पक्की होती.

"आजो इलो!" ती धावत आली. "आवस खंय आसा? काल आवशीचो दिस होतो. मी कालच्यान बसलंय हय."

"कालच्यान?"

"भाईकाका म्हणता, आवस येवची नाय. तुज्या कागदार तसाच लिवलेला आसा म्हणान सांगता. तू तसा लिवलंस, आजो?"

दाजींचा सगळा युक्तिवाद त्या पुळणीतच कुठंतरी राहिला. सात वर्षांची पोर कालपासून गाठोडं घेऊन बसलीय आणि ते तिच्यापुढं आपलं वाक्य राखायला निघाले होते! आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या अक्षराची लाज वाटली.

भाई आतून कागद नाचवत आला. "काय दाजीनू, नारळी पुनव लिवलेली आसा का नाय? आणि अडीच म्हयनेव लिवलेले आसत! माजो वकील म्हणता, असलो कागद टिकाचो नाय. आमी रत्नागिरीक चललो. चेडू कायमचा हय."

"कागद चुकलो," दाजी म्हणाले.

"कोणाचो?"

"माजो. चूक माजी आसा."

भाई असा हसला की शेजारची चार माणसं कुंपणाच्या वईशी येऊन उभी राहिली. "ऐकलास? दाजी बाँडरायटराची चूक! तोंडान काय कोणीय म्हणात. लिवन देशात?"

"देतंय."

आणि दाजींनी त्या ओट्यावर बसून, सगळ्यांसमोर, आपल्या त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिलं: अडीच महिन्यांचे शब्द लिहिणाऱ्याने स्वतःच्या हौसेने घातले, ते कोणाही पक्षकाराने सांगितले नव्हते, त्या चुकीचा दोष आईवर अगर बापावर येऊ नये. खाली सही, दाजी परुळेकर. हा कागद उद्या बाजारभर फिरणार आणि आपलं हसं होणार, हे त्यांना कळत होतं. झालंही तसंच. पुढं किती वर्षं लोक त्यांना बघितलं की विचारायचे, "दाजीनू, औंदा म्हयने किती?"

लिहून झाल्यावर ते जयरामाकडे वळले. तो दारात उभा होता. "ऐक, झिला. हो म्हयनो तुजो म्हटलो तर ती मरता. तिचो म्हटलो तर तुजो भाई कोर्टात धावता. म्हणान हो तुजोव नाय आणि तिचोव नाय. माज्या चुकीतसून निपाजलो, तर माजो. चेडू नारळी पुनवेपर्यंत माज्या घराक ऱ्हवतला. जेका व्हया तेणी कधीय येवचा, जेवचा, बसाचा. कोणी आडवचा नाय."

"शिरा पडली त्या कागदार!" भाई ओरडला. "परक्याच्या घरात चेडू ठेवतलंस, जयराम?"

जयरामानं ओट्यावरच्या गाठोड्याकडे बघितलं. "काल जेवलाव नाय ता," तो म्हणाला. "भाई, तू आता गप ऱ्हव." थोरल्या भावाला असं बोलण्याची त्याची ती पहिलीच खेप. मग त्यानं गाठोडं उचललं, पोरीला खांद्यावर घेतलं आणि दाजींच्या पुढं चालायला लागला.

झालं, दाजींच्या घरात महिनाभर पोर नांदली. काय सांगावं त्या घराचं! दौत दोनदा लवंडली आणि कोणी ओरडलं नाही. विमलाबाईनं पहाटे उठून अनारशांचं पीठ भिजवलं, आणि वाण द्यायला जावई नाही म्हणून अनारसे शेवंतीनंच संपवले. सुगंधा चार दिवसांआड यायची. जयराम मात्र जवळजवळ रोज, दोन तास पुळण तुडवत. श्रावण म्हणून मासळी आणता येत नव्हती, तर टायकळ्याची भाजी घेऊन यायचा. तो आला की ती उठायची, ती आली की तो निघायचा. पोर दाराकडे बघत राहायची.

एका दिवशी मोठी सर आली आणि दोघंही दाजींच्या घरी अडकली. सुगंधा मुलीला पुढ्यात घेऊन केस विंचरायला बसली होती, जयराम पडवीच्या कडेला उकिडवा बसून डोक्याचं भिजलेलं टापर पिळत होता, दाजी मधे झोपाळ्यावर.

"ही कसली गो वेणी?" सुगंधा करवादली. "सुटता सुटना नाय."

खरंच ती तिपेडी नव्हती. चार पेडांची, घट्ट, टोकाला खलाशी दोराला मारतात तशी गाठ.

"बाबान घातल्यान," शेवंती म्हणाली. "तोच घालता रोज. आजी घालूक इली तर मी डोक्याक हात लावूक देवक नाय. बाबाची दिसभर सुटना नाय, पोहताना पण."

सुगंधाचा हात थांबला. दोन पावसाळे तिनं मिठबावात बसून मनात हेच चित्र रंगवलं होतं, की पोर सासूच्या आणि भाईच्या हाताखाली आणि बाप कुठं तरी गजाली मारत बसलेला. आणि इथं हा माणूस, दोरखंड वळणारे ते राठ हात, रोज सकाळी पोरीची वेणी घालत होता. तिनं ती गाठ बोटानं चाचपून बघितली. मग म्हणाली, "दाजीनू, तेका सांगा, माका ही शिकव म्हणान."

"मी काय टपालपेटी आसंय?" दाजी उसळले. "थय बसलो आसा तो, चार हातांवर! तूच सांग!"

सुगंधा लाजली, चिडली, आणि सांगितलं. जयराम जवळ सरकला. त्यानं आधी सुंभाचे चार तुकडे घेऊन दाखवलं, मग केसांवर. तिची दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. शेवंती मधे हलायलाही तयार नव्हती. एका बाजूला आई, एका बाजूला बाप, एवढं तिला आठवत होतं तेव्हापासून कधी मिळालं नव्हतं.

बाहेर वारा फिरला तशी ती म्हणाली, "बाबा, हो खालचो वारो. ह्या वाऱ्यात गलबत जायना नाय."

"तुका कोणी सांगल्यान?"

"आवशीन. आमी सांजवेळेक पुळणीर जातो. उत्तरेचो वारो लागलो काय आवस सांगता, आज बाबा होन्नावर सोडून खाली गेलो असतलो. जमिनीवरची मतलई सुटली काय म्हणता, आता गलबत मुंबयच्या वाटेक लागला, बाबा नुस्तो भात जेवता, तू आमटी सांडू नको."

जयरामानं सुगंधाकडे बघितलं. मिठबावात आपलं नावसुद्धा काढत नसतील, पोरीला बाप म्हणून काही उरला नसेल, असं धरून तो आठ-आठ महिने सुकाणू धरत होता.

"चेडवाक आपलो बापूस खंय आसा ता कळाक नको?" सुगंधा म्हणाली, वेणीकडे बघत.

जयराम पडवीच्या खांबाला कपाळ टेकून रडला. गडी माणूस, हुंदके देऊन रडला. दाजी खाकरत आत निघून गेले आणि विमलाबाईवर उगाचच चहाबद्दल ओरडले.

त्यांचा संसार परत जुळला असं कोणी समजू नये. तसं काही झालं नाही, आणि दोघांनी तसं मागितलंही नाही. पण नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दोघं मिळून दाजींच्या चटईवर येऊन बसली आणि जयराम तिच्याकडे तोंड करून म्हणाला, "औंदा पयलो कारवार, मगे मंगळूर. येताना रत्नागिरीक चार दिस." तिनं तसंच्या तसं म्हणून दाखवलं. भाई कोर्टात गेला नाही. जयरामाचा अंगठा लागल्याशिवाय जाणार तरी कसा?

दाजींनी पुरवणी कागद केला. अडीच महिन्यांचे शब्द काढले. पुढे या मुदतीत अधिक मास आला, तर त्याचे पंधरा दिवस आईचे आणि पंधरा बापाचे. स्वच्छ, चोख, सुई जाणार नाही असा. संध्याकाळी पोर आईबरोबर मिठबावला गेली.

घरात आल्यावर विमलाबाईनं विचारलं, "तिसय दिस वाटून टाकलास?"

"मगे काय करूचा होता?"

"तेच्यात आपलो एक दिस लिवूक येवक नाय?"

"आपण कोण तेचे?" दाजी कडाडले. "पक्षकार आसू आपण? कागदात आपला नाव खंय आसा?" मग ते पडवीत जाऊन झोपाळ्यावर बसले. झोपाळा हलला नाही. विमलाबाईनं चहा टाकला आणि तो तसाच गार झाला. इतकी वर्षं ज्या दुःखाबद्दल दुसऱ्याला बोलू दिलं नाही, ते त्या दिवशी त्यांच्याच घरात येऊन बसलं होतं, आणि त्याला ओरडून हाकलता येत नव्हतं.

एकसष्ट साली अधिक ज्येष्ठ आला. पंचांग घरात आलं त्या दिवशीच दाजींनी ते पान बघितलं होतं आणि कोणाला बोलले नव्हते. आपलं काम चोख झालं होतं, आता कोणी पडवीत धावत यायचं कारण नव्हतं. पंधरा तिचे, पंधरा त्याचे. अधिक ज्येष्ठाची प्रतिपदा सोमवारी होती. दाजींनी पोट दुखतं म्हणून कचेरी बुडवली आणि घरीच पडून राहिले.

दुपारी अंगणात सुगंधा उभी. बरोबर शेवंती, दहा वर्षांची, उंच झालेली, पाठीवर चार पेडांची वेणी.

"काय झाला?" दाजी धडपडत उठले. "कागदात काय चुकला?"

"काय चुकूक नाय, दाजीनू. पंधरा दिस माजे, ते तुमका दिलंय. तेणी मंगळूराहून कार्ड धाडल्यान, तेचेव पंधरा तुमका. तिसय दिस चेडू तुमचा."

दाजींचा हात सवयीनं टाकाकडे गेला. "मगे... मगे तसो कागद करूया. दोघांचे अंगठे..."

"कागद कित्याक?" सुगंधा म्हणाली.

एवढ्यात शेवंती घरात शिरलीसुद्धा. विमलाबाईचा आवाज ऐकू आला आणि मग तो मध्येच थांबला, तोंडाला पदर लावल्यासारखा.

"आजो," शेवंतीनं आतून विचारलं, "माजा गाठोडा खंय ठेवू?"

"माका काय इचारतंस?" दाजी ओरडले. "घर तुजा आसा, व्हया थय ठेव!"

ओरडले कसले! आनंद मावत नव्हता आणि तो कोणाला कळू द्यायचा नव्हता. सुगंधाला कळला, विमलाबाईला कळला, आणि आतली पोर तर हसायलाच लागली.